देवाने दिलेले काम आणि लोकांचा विरोध

(नभोवाणीवर दिलेले भाषण)

गडचिरोलीच्या पूर्वेस, छत्तीसगडाकडे जाणाऱ्या वाटेवर धानोरा नावाचे एक गाव आहे. भोवती सागाचे, मोहाचे आणि तेंदूचे रान. वस्ती पुष्कळशी गोंड लोकांची. मी त्या गावचा. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारे आयुष्य रानातील शाळांतून मुलांना अक्षरे गिरवावयास लावण्यात गेले. धर्माने मी ख्रिस्ती आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा धर्म माझ्याहून निराळा असेल. तथापि आज ज्या प्रश्नाविषयी मी बोलणार आहे, तो कोणत्याही धर्माच्या मनुष्यास चुकलेला नाही.

प्रश्न असा: एखादे काम देवाने आपल्या हाती दिले आहे असे आपणांस मनापासून वाटते. आपण ते आरंभितो, आणि लोक विरोध करू लागतात. अशा वेळी काय करावे? काम सोडावे की रेटून पुढे न्यावे? उपदेशक म्हणतील, रेटावे. परमेश्वराचे काम सोडणारा भ्याड होय. उपदेश चांगला आहे, पण तेवढ्याने भागत नाही. कारण हट्टी मनुष्यही हेच म्हणत असतो. आपला हेका त्याला देवाची आज्ञा वाटतो, आणि जो कोणी विरोध करील तो त्याला देवाचा वैरी दिसतो. धर्माच्या नावाने जितका चिवटपणा जगात झाला, तितकाच हटवादीपणाही झाला आहे. या दोहोंतील अंतर कसे ओळखावे, हाच खरा प्रश्न आहे.

या बाबतीत आमच्या पवित्र शास्त्रातील एक जुनी हकीकत मला फार उपयोगी पडली आहे. ती नहेम्याची. ख्रिस्ताच्या जन्मापूर्वी पाचव्या शतकात हा यहुदी गृहस्थ इराणच्या बादशहाच्या पदरी प्यालेबरदार होता. आपल्या पूर्वजांच्या यरुशलेम नगराचा तट पडला आहे आणि वेशी जळाल्या आहेत, हे ऐकून त्याने अन्न टाकले, प्रार्थना केली आणि बादशहाची परवानगी काढून तो तेथे गेला. गेल्याबरोबर त्याने व्याख्यान दिले नाही. तीन दिवस गप्प राहून एका रात्री थोडे सोबती घेऊन त्याने पडक्या तटाची पाहणी केली, आणि मग लोकांस कामास लाविले.

विरोध तत्काळ सुरू झाला. प्रथम थट्टा: या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती ढासळेल, असे शेजारच्या अंमलदारांनी म्हटले. मग हल्ल्याचा कट. तेव्हा गवंड्यांनी एका हाताने काम केले व दुसऱ्या हाती शस्त्र धरिले. मग कंडी पिकविण्यात आली की, नहेम्याला स्वतः राजा व्हावयाचे आहे. एवढे होऊनही तट 52 दिवसांत पुरा झाला. एवढी कथा पुष्कळांस ठाऊक असते.

परंतु या हकीकतीत शेजारी शेजारी दोन प्रसंग आहेत, त्यांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. एका प्रसंगी विरोधकांनी नहेम्यास चार वेळा निरोप धाडिला की, ओनोच्या मैदानात येऊन आम्हांस भेट. त्याने चारही वेळा एकच उत्तर पाठविले: काम मोठे आहे, ते टाकून मला येता येत नाही. त्याच्या निश्चयाचा हा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. पण त्याच्या आधीचा प्रसंग फारसा कोणी सांगत नाही. तटाचे काम चालू असतानाच गरीब लोक आणि त्यांच्या बायका ओरडत आल्या की, आमची शेते गहाण पडली, मुले दास झाली, आणि व्याज घेणारे आमचेच भाऊबंद आहेत. या वेळी ‘काम मोठे आहे’ असे नहेम्या म्हणाला नाही. त्याने सभा भरविली. आपण व आपल्या माणसांनीही लोकांस पैसा व धान्य उसने दिले आहे, हे त्याने तेथेच कबूल केले. व्याज सोडविले आणि शेते परत करविली.

म्हणजे हा मनुष्य एका हाकेस भिंतीवरून उतरला आणि दुसऱ्या हाकेस उतरला नाही. पहिली हाक ज्यांच्यासाठी तो तट बांधला जात होता त्यांची होती. दुसरी हाक तट बांधला जाऊच नये असे वाटणाऱ्यांची होती. चिकाटी आणि हट्ट यांतील अंतर मला येथे सापडते. हट्टी मनुष्य कोणाच्याच हाकेस उतरत नाही. भ्याड मनुष्य प्रत्येकाच्या हाकेस उतरतो. देवाचे काम करणाऱ्याने हाक कोणाची आहे, हे आधी ओळखावयाचे असते.

आता या कसोटीवर आपल्या महाराष्ट्रातील एका बाईचे आयुष्य पाहू. पंडिता रमाबाईंचे नाव आपणांस ठाऊकच आहे. 1858 साली पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने मुलीस शिकविले. हे कुटुंब पुराणे सांगत देशभर पायी हिंडत असे. 1874 नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत वडील, आई आणि वडील बहीण अशी तिघे थोड्याच अवधीत गेली. भाऊ व बहीण तेवढी उरली. 1878 साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला, आणि 1882 च्या आरंभी तेही पटकीने गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी घेऊन तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. ज्या कामासाठी पुढे त्या झटल्या, ते काम त्यांनी कोठे पुस्तकात वाचून घेतलेले नव्हते. ते त्यांच्याच अंगावरून गेले होते.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयास असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रमाबाईंना विरोध केला तो हिंदू समाजाने, असे आम्ही ख्रिस्ती लोक अनेकदा सांगतो. परंतु त्यांना पहिला अडथळा आला तो ख्रिस्ती वडीलधाऱ्यांकडूनच. चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत हे बाईंना पटेना. लॅटिन आपणांस परके, मग संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. ज्या भगिनीने त्यांना मुलीप्रमाणे वागविले, तिलाही त्यांनी पत्रांतून सांगितले की, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या स्वाधीन करणार नाही. ही उद्धट बाई आहे असा बोभाटा झाला. श्रद्धा स्वीकारली म्हणजे प्रत्येक अधिकाऱ्याचा शब्द स्वीकारला असे होत नाही, हे बाईंनी प्रथम आपल्याच लोकांस शिकविले.

पुढे अमेरिकेत त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी मदत मिळविली. 1887 साली बोस्टन येथे त्यासाठी मंडळ स्थापन झाले, आणि दहा वर्षे खर्च चालविण्याचे त्या मंडळाने पत्करिले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईस चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ उघडले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झालेल्या त्या याच. 1890 साली सदन पुण्यास आले. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असे ठरलेले होते. हिंदू मुलींच्या स्वयंपाकाचा व आचाराचा निर्बंध पाळला जात असे, आणि स्वतः बाई शाकाहारीच राहिल्या. रानडे, भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ सल्लागार होते.

मग 1893 चे वर्ष उजाडले. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत त्या वेळी दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. पुण्यात गहजब झाला. ‘केसरी’ने कडक टीका केली. रानडे व भांडारकर यांनी आपला संबंध तोडिला, आणि वीस-पंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले.

श्रोतेहो, या ठिकाणी मी एकाच बाजूची वकिली करणार नाही. मी शिक्षक होतो. दुसऱ्याचे मूल आपल्या हाती असले म्हणजे आपले नुसते वागणेही त्याच्या मनावर वजन टाकते, हे मला ठाऊक आहे. ज्या बाईचे अन्न खावयाचे, जिच्या मायेने जगावयाचे, तिची प्रार्थना मुलींस ओढून घेणारच. पालकांची काळजी खोटी नव्हती आणि रानडे-भांडारकर काही कामाचे वैरी नव्हते. परंतु बाईंचेही म्हणणे खोटे नव्हते. मी कोणास बोलावीत नाही. पण माझ्याच घरात माझ्याच देवाची प्रार्थना चोरून, दार लावून मी करणार नाही, आणि येणाऱ्या मुलीस हाकलूनही देणार नाही, असे त्यांचे मत होते. दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर उभ्या राहिल्या म्हणजे मनुष्याची जी ओढाताण होते, ती येथे झाली.

यातून बाई कशा निघाल्या? त्यांनी वृत्तपत्रांतील प्रत्येक लेखास उत्तर देण्यात आयुष्य घालविले नाही. गेलेल्या मुलींसाठी त्या भांडत बसल्या नाहीत. राहिलेल्या मुलींस शिकवीत राहिल्या. आणि पुढे केडगावी जे नवे काम उभे राहिले, ते त्यांनी उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच चालविले. तेथे कोणाची गैरसमजूत व्हावयास जागाच ठेविली नाही. माझ्या मते 1893 च्या तक्रारीत जेवढा खरा अंश होता, त्याला हे उत्तर होते. शब्दांनी दिलेल्या उत्तरापेक्षा ते अधिक प्रामाणिक होते.

केडगावचा इतिहास आमच्या भागाशीही जोडलेला आहे. 1896-97 साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. त्या काळी आमचा चांदा जिल्हा मध्यप्रांतातच मोडत असे. दुष्काळाची बातमी ऐकताच बाईंना आपले बालपण आठवले असणार. भुकेने माणूस कसा मरतो हे त्यांनी घरातच पाहिले होते. त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली व बाया त्यांनी वाचवून आणिल्या. परंतु आणून ठेवावयाच्या कोठे? पुण्यात प्लेग, सदनात अधिक माणसे ठेवण्यास सरकारची मनाई. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षे भरत आलेली. भरीस भर म्हणून सरकारी प्लेगव्यवस्थेत स्त्रियांची होणारी विटंबना बाईंनी वृत्तपत्रात उघड मांडली, तेव्हा सरकारचीही मर्जी गेली. समाज विरुद्ध, सरकार नाखूष, पैसा संपत आलेला; आणि दारात तीनशे उपाशी मुली.

पुण्यापासून रेल्वेने पुढे केडगाव येथे बाईंनी फळबागेच्या उद्देशाने जमीन घेऊन ठेविली होती. त्या उघड्या माळावर तंबू व झोपड्या ठोकून मुलींना आणिले. विहिरी खणल्या, झाडे लाविली, भिंती उभारल्या. या वस्तीचे नाव ‘मुक्ती’. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. विणकाम, तेलघाणा, दुभती जनावरे, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी उठावाच्या अक्षरांचे शिक्षण, फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी निराळे ‘कृपा सदन’, असा तो पसारा वाढला. आता आपल्या कसोटीने पाहा. निंदेच्या, दडपणाच्या किंवा अधिकाराच्या हाकेस ही बाई उतरली नाही; भुकेल्या मुलीच्या हाकेस मात्र ती प्रत्येक वेळी उतरली, आणि त्यासाठी आपल्या आधीच्या योजना मोडण्यासही तयार झाली.

आता थोडे माझ्याविषयी. एवढ्या मोठ्या नावानंतर लहान तोंडी घास घेण्याचा हेतू नाही. परंतु दुसऱ्याच्या गोष्टीवरून शिकणे सोपे असते आणि स्वतःवर वेळ आली म्हणजे आपण ती विसरतो, हे सांगण्यासाठीच ही हकीकत सांगतो. माझ्या नोकरीच्या मध्यकाळात रानातील एका लहान गावी शाळा सोडलेल्या मुलींसाठी मी रात्रीचा वर्ग काढिला. अकरा मुली येत. कंदिलाच्या उजेडात वाचन आणि हिशेब शिकवीत असे, आणि शेवटी मोठ्याने प्रार्थना म्हणून वर्ग संपवीत असे. दोन महिन्यांत मुली घटल्या. गुरुजी पोरींना बाटविणार, अशी कुजबूज सुरू झाली. एका वजनदार गृहस्थाने तोंडावर सांगितले की, हा वर्ग बंद करा. मला वाटले, हा माझा छळ होत आहे! मी नहेम्याची हकीकत उघडली आणि काम मोठे आहे, मी उतरणार नाही, असे स्वतःस बजावले. खरे सांगतो, त्या दिवसांत मला थोडा अभिमानच वाटत होता.

एके संध्याकाळी एका मुलीची आई आली. ती गोंडीत बोलली. तिचे म्हणणे मी मराठीत सांगतो. “गुरुजी, पोरी पहाटे अंधारात मोह वेचावयास उठतात. दिवसभर वाळवण, पाणी, धाकटी भावंडे. रात्री तुमच्या कंदिलापाशी त्या शिकत नाहीत, झोपतात. आणि तुम्ही तुमच्या देवाचे म्हणता तेव्हा पोरींच्या आज्या घरी भितात. आमचाही देव आहे.” एवढे बोलून ती गेली. तिने वर्ग बंद करा असे म्हटले नव्हते.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्यांच्यासाठी भिंत बांधावयाची, त्यांनीच खालून हाक मारिली होती, आणि मी ती शत्रूची हाक समजलो होतो. दुसऱ्या दिवसापासून मी वर्ग दुपारी उन्हाच्या वेळेस, मोह अंगणात वाळत असतो तेव्हा ठेविला. तेंदूपत्त्याच्या हंगामात तो बंद ठेवू असे कबूल केले. प्रार्थना मी माझ्या घरी करू लागलो. ती तेथेही देवास ऐकू जात असे. मुली परत आल्या.

वजनदार गृहस्थाचा विरोध मात्र थांबला नाही, आणि त्याचे कारणही हळूहळू कळले. तेंदूपत्त्याच्या फडीवर सत्तर पानांचे एक पुडके धरितात. मुली आपली पुडकी मोजून वहीत लिहू लागल्या होत्या, आणि मुन्शीच्या आकड्याशी त्यांचा आकडा जुळेना. बाटविण्याची भीती दाखविणाऱ्या तोंडाला खरी भीती या वहीची होती. या हाकेस मी उतरलो नाही. बदलीची धमकी आली. मी म्हटले, बदली होईल तोवर वर्ग चालेल. तो चालला. त्या अकरांपैकी एकीची मुलगी आज स्वतः शिक्षिका आहे. याहून मोठे फळ मला सांगता येणार नाही.

तेव्हा विरोध झाला म्हणजे काम देवाचेच आहे, असे समजू नये. तसेच विरोध झाला म्हणजे ते देवाचे नाही, असेही समजू नये. विरोधात आपल्यासाठी काही खरे सांगितले जात आहे काय, हे प्रथम पाहावे. जे खरे असेल ते विरोधकाच्या तोंडून आले तरी देवाने धाडिले असे मानून घ्यावे. बाकीचे राहू द्यावे, आणि सकाळी पुन्हा भिंतीपाशी जावे.

शेवटी पुन्हा रमाबाईंकडे वळतो. सामान्य बायांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरवावयाचे, हे काम त्यांनी उतारवयात हाती घेतले. त्यासाठी हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या आणि सुमारे अठरा वर्षे त्यासाठी खर्ची घातली. मुक्तीतील मुलीच त्याचे खिळे जुळवीत आणि छापीत. 24 जुलै 1921 रोजी त्यांची एकुलती एक कन्या, त्यांचा उजवा हात, मनोरमा निवर्तली. या वेळी विरोध करावयास कोणी माणूस नव्हता. मृत्यूच समोर होता. तरीही बाई मुद्रिते तपासण्यास बसत राहिल्या. शेवटची मुद्रिते संपली आणि त्यांनी डोळे मिटले, असे सांगतात. तो दिवस 5 एप्रिल 1922. पुस्तक पुरे छापून निघाले ते 1924 साली, त्यांच्या पश्चात.

आणि श्रोतेहो, ते भाषांतर आमच्या देवळांतून सर्वत्र वाचले जाते असे नाही. बहुतेक ठिकाणी दुसरेच भाषांतर चालते. अठरा वर्षांच्या श्रमाला जगाच्या हिशेबाने हे फळ थोडे वाटेल. पण मुक्ती आजही केडगावी उभी आहे, आणि आधार नसलेल्या मुलीस तेथे अजून दार उघडे असते. कोणते काम टिकेल आणि कोणते मागे पडेल हे बाईंना ठाऊक नव्हते, आणि आपणांसही ठाऊक नसते. आपल्या हाती दिलेला दगड सरळ बसला आहे की नाही, एवढे मात्र आपणांस पाहता येते.